आयकराची जुनी वर्षं: चूक कुठली, वाद कुठला आणि मिटवायचं ते काय

यंदाच्या रिफंडची वाट बघत बसावं आणि त्याऐवजी ईमेल यावा: तुमचा रिफंड निर्धारण वर्ष २०१३-१४च्या थकबाकीपोटी वळता करत आहोत. त्या वर्षी रिटर्न कोणी भरलं होतं, काय दाखवलं होतं, कागद कुठे गेले, काही आठवत नाही. ज्यांनी भरलं ते सीए एव्हाना निवृत्त झालेले. मग फोंडा असो की म्हापसा, पुढचा प्रश्न ठरलेला: “भरून एकदाचं मिटवून टाकू का?”

थांबा. जुनं वर्ष आयकर खात्याकडे तीन तऱ्हांनी संपतं. चूक दुरुस्त होऊन, अपिलात निकाल लागून किंवा तडजोड होऊन. गोव्यातल्या लहान करदात्यांची निम्मी डोकेदुखी पहिल्या जातीची असते, आणि लोक ती तिसऱ्या जातीची समजून पैसे भरून मोकळे होतात. जो कर कधी लागूच नव्हता, तो व्याजासकट. “भीक नको, पण कुत्रा आवर” ही वृत्ती समजण्यासारखी आहे, पण महागात पडते.

म्हणून आधी कागद. त्यावर कलम लिहिलेलं असतं. १४३(१) असेल तर ती बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रातून आलेली सूचना. तुमचं रिटर्न आणि खात्याकडची माहिती संगणकाने जुळवून पाहिली, फरक निघाला, मागणी काढली. कोणा अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं ऐकलेलं नसतं. १४३(३) म्हणजे अधिकाऱ्याने हिशेब तपासून दिलेला निर्धारण आदेश. १४७ म्हणजे बंद झालेलं वर्ष पुन्हा उघडून केलेली आकारणी. २७०अ किंवा जुनं २७१ दिसलं तर तो दंड. आणि वर्ष वाचताना सांभाळा: निर्धारण वर्ष २०१३-१४ म्हणजे एप्रिल २०१२ ते मार्च २०१३ची कमाई. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ही दोन वर्षांची भानगड जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतं, पण जुन्या वर्षांची प्रकरणं १९६१च्या कायद्यानेच चालतात. त्यामुळे या लेखातली कलमं त्याच कायद्याची आहेत.

मागणीचे तीन भाग पाडा: मूळ कर, व्याज, दंड. पुढचं सगळं गणित या फोडीवर उभं आहे. तडजोडीच्या योजना बहुतेक वेळा व्याज आणि दंड सोडतात, कर नाही.

आता गोव्याची खास गोष्ट. देशात बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या नावावरच्या दुकानाचं भाडं हे नवऱ्याचं उत्पन्न. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेखाली सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने लग्न झालेल्या जोडप्याचं भाडं, व्याज, धंद्याचा नफा, भांडवली नफा हे सगळं निम्मं-निम्मं दोघांच्या रिटर्नमध्ये जातं. पगार तेवढा ज्याचा त्याचा. आयकर कायद्याचं कलम ५अ हे सांगतं. (कलमात संहितेचं साल १८६० छापलंय. संहिता १८६७ची आहे. इतकी वर्षं कोणी दुरुस्त केलेलं नाही, आणि त्यावाचून कोणाचं अडलंही नाही.)

हे कलम आलं १९९४मध्ये, पण लागू केलं १ एप्रिल १९६३पासून, म्हणजे तीस वर्षं मागे जाऊन. सामाईक मालमत्तेचं उत्पन्न कोणाच्या नावावर धरायचं, नवऱ्याच्या, दोघांच्या की दोघांचा मिळून एक गट मानून, यावर तोवर कोर्टात भांडणं चालली होती. संसदेने एका फटक्यात मागची सगळी वर्षं निकालात काढली. जुने वाद मिटवायचा हाही एक मार्ग, मात्र तो आपल्या हातातला नाही.

वाटणी कायद्याने झाली, टीडीएसची, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेल्या कराची, मात्र झाली नाही. उदाहरण घ्या. फोंड्याच्या बाजारात नवऱ्याच्या नावावर दुकान आहे, एका कंपनीला भाड्याने दिलंय, वर्षाला ८ लाख भाडं. कंपनी १० टक्के, म्हणजे ८०,००० रुपये कापून नवऱ्याच्या पॅनवर जमा करते. कलम ५अ प्रमाणे ४ लाख भाडं नवऱ्याच्या रिटर्नमध्ये, ४ लाख बायकोच्या. टीडीएसही तसाच ४०-४० हजार घ्यायचा. पण बायकोचं फॉर्म २६एएस, म्हणजे तिच्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद, उघडलं तर तिथे शून्य. तिच्या रिटर्नमध्ये टीडीएसच्या तक्त्यात नवऱ्याचा पॅन टाकायचा राहिला असेल, किंवा नवऱ्याने आपल्या तक्त्यात निम्मा टीडीएस जोडीदाराकडे वळवल्याचं दाखवलं नसेल, तर बेंगळुरूचा संगणक म्हणतो: बाईंनी ४०,००० रुपये भरलेच नाहीत. निघाली मागणी, वर व्याज. तिकडे नवऱ्याने पूर्ण ८०,००० घेतले असतील तर त्याला रिफंडही गेलेला असतो. घर एकच, खिसा एकच, पण खात्याच्या नोंदीत एक थकबाकीदार आणि एक रिफंडवाला.

दुसरी नेहमीची गफलत फॉर्मची. नोकरदार माणूस म्हणतो, मला पगार आणि बँकेचं व्याज एवढंच, आयटीआर-१ भरतो. पण व्याज वाटून दाखवायचं असेल तर आयटीआर-१ चालत नाही. वरचा फॉर्म घ्यायचा, ‘पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का’ याला हो म्हणायचं, जोडीदाराचा पॅन द्यायचा आणि ५अचा तक्ता भरायचा. मुंबई-पुण्याच्या ऑनलाइन सेवेकडून रिटर्न भरून घेणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास राहतं. त्यांना असा प्रश्न असतो हेच ठाऊक नसतं. उलट बाजूही आहे: लग्नाआधी करार करून मालमत्ता स्वतंत्र ठेवली असेल तर ५अ लागू होत नाही. नुसतं गोव्यात राहतो म्हणून वाटणी करता येत नाही.

यातल्या कशातही वाद नाही. कर कोणी चुकवलेला नाही, कायद्याचा अर्थ कोणी वेगळा लावलेला नाही. ही जुळवणीची चूक आहे आणि तिच्यावर औषध दुरुस्तीचं. पोर्टलवर थकीत मागणीला उत्तर द्यायची सोय आहे. तिथे ‘मागणी मान्य नाही’ निवडून कारण द्यायचं आणि कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा. मुदत: ज्या आर्थिक वर्षात तो आदेश निघाला, ते संपल्यापासून चार वर्षं. नुसतं ‘मान्य नाही’ म्हणून गप्प बसलात तर मागणी जागची हलत नाही आणि पुढच्या रिफंडला पुन्हा आडवी येते.

चार वर्षं उलटून गेली असतील तर वाट अरुंद होते, बंद होत नाही. कलम २६४खाली आयुक्तांकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. मुदत आदेश मिळाल्यापासून एक वर्ष, पण उशिराचं कारण पटलं तर आयुक्त तो माफ करू शकतात, आणि या कलमाखाली तुमचं आहे त्यापेक्षा वाईट करता येत नाही. बायकोने त्या वर्षी रिटर्नच भरलं नव्हतं आणि तिचा रिफंड अडकलाय, अशी गाठ असेल तर कलम ११९(२)(ब)खाली उशीर माफ करून घ्यावा लागतो. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेलाच अर्ज विचारात घेतात.

किरकोळ जुन्या मागण्यांचं एक बरं झालंय. फेब्रुवारी २०२४मध्ये सरकारने निर्धारण वर्ष २०१०-११पर्यंतच्या प्रत्येकी २५,०००पर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६च्या प्रत्येकी १०,०००पर्यंतच्या मागण्या काढून टाकल्या, एका करदात्यामागे एकूण १ लाखाच्या मर्यादेत. अर्ज करावा लागला नाही. तेव्हा २००७-०८च्या ६,००० रुपयांसाठी कोणी जुन्या ट्रंका उपसत असेल तर आधी पोर्टलवर ती मागणी अजून उभी आहे का ते पाहावं.

आता खरे वाद. म्हणजे अधिकाऱ्याने तपासलं, तुमचं स्पष्टीकरण नाकारलं आणि उत्पन्न वाढवून कर लावला. निवासी की अनिवासी हा बोटीवर जाणाऱ्यांचा वाद त्यातलाच. परदेशी जहाजावरचा पगार इथल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) बँक खात्यात आला एवढ्यावरून तो भारतातलं उत्पन्न धरला जाई. एप्रिल २०१७मध्ये परिपत्रक निघालं की अनिवासी खलाशाचा भारताबाहेरच्या सेवेचा पगार नुसता एनआरई खात्यात आला म्हणून करपात्र होत नाही. ज्यांची वर्षं तेव्हा अपिलात जिवंत होती, त्यांच्या हाती हुकमी पान आलं. ज्यांनी आधीच कंटाळून भरून टाकलं होतं, त्यांना परत काही मागायला फारशी जागा उरली नाही.

मार्ग असा आहे. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे फॉर्म ३५ने अपील. फी २५० ते १,००० रुपये. हे आता चेहऱ्याविना चालतं, म्हणजे तुमचा अपील अधिकारी देशात कुठेही बसलेला असू शकतो. पाटोवरच्या आयकर भवनात जाऊन “साहेब, जरा बघा” म्हणायचे दिवस गेले. तिथे हरलात तर पणजीतलं अपिलीय न्यायाधिकरण, आणि कायद्याचा मुद्दा असेल तर पर्वरीचं उच्च न्यायालय. अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. २०२५पर्यंत तरी सर्वसाधारण रीत अशी होती की मागणीच्या २० टक्के भरलं तर पहिल्या अपिलापर्यंत बाकीची थांबवत. आणि न भरलेल्या रकमेवर कलम २२०(२)चं दरमहा १ टक्का व्याज चालूच राहतं. अपील पाच वर्षं पडून राहिलं आणि तुम्ही हरलात, तर ती पाच वर्षं तुमच्या खात्यावर लागतात, मग दिरंगाई कोणाचीही असो.

हे एका उदाहरणातून बघू, कारण तडजोड करावी की नाही हे इथे आकड्यांतच कळतं. म्हापशाच्या बाजारातला एक दुकानदार समजा. ८ नोव्हेंबर २०१६ला नोटबंदी झाली आणि त्याने गल्ल्यातले ४ लाख रुपये बँकेत भरले. डिसेंबर २०१९मध्ये अधिकाऱ्याने ठरवलं की या रकमेचा स्रोत पटत नाही. असं ठरलं की नेहमीचे टप्पे लागत नाहीत. त्या वर्षापासून कलम ११५बीबीईचा दर ६० टक्के, त्यावर २५ टक्के अधिभार, त्यावर ३ टक्के उपकर. एकूण ७७.२५ टक्के. म्हणजे ४ लाखांवर कर ३,०९,०००. एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ असे ३३ महिन्यांचं व्याज १,०१,९७०. मागणी ४,१०,९७०, दंड निराळा. त्याने जानेवारी २०२०मध्ये अपील केलं. अपील पडून राहिलं, त्याने दमडी भरली नाही असं धरलं, तर २०२४च्या अखेरीपर्यंत २२०(२)चं व्याजच २ लाख ४० हजारांच्या वर गेलं. बँकेत भरले होते ४ लाख, देणं साडेसहा लाख.

१ ऑक्टोबर २०२४ला ‘प्रत्यक्ष कर विवाद से विश्वास’ योजनेचा दुसरा अवतार आला. पहिला २०२०चा. २२ जुलै २०२४ला ज्यांचं अपील प्रलंबित होतं त्यांच्यासाठी ही होती. ३१ जानेवारी २०२०नंतर अपील केलेल्यांनी वादातल्या कराचे १०० टक्के भरायचे, त्या तारखेपर्यंत अपील केलेल्यांनी ११० टक्के. वाद नुसता दंडाचा किंवा व्याजाचा असेल तर २५ किंवा ३० टक्के. सुरुवातीची मुदत वाढून ३१ जानेवारी २०२५ झाली, त्यानंतर दर वाढले आणि ३० एप्रिल २०२५ला दार बंद झालं. आपला दुकानदार जुन्या अपीलवाल्यांत मोडतो. वेळेत गेला असता तर ३,३९,९०० रुपयांत सुटला असता. व्याज नाही, दंड नाही, खटला नाही.

साडेसहाऐवजी तीन लाख चाळीस हजार. सौदा बरा वाटतो ना? पण तो बरोबर आहे की नाही, हे त्या दुकानदाराच्या कपाटात काय आहे यावर ठरतं. त्याच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१६ची रोकडवही असेल, बिलबुकं असतील, व्हॅटच्या विवरणात तीच विक्री दाखवलेली असेल, तर ४ लाखांपैकी बहुतेक रक्कम अपिलात सुटण्याजोगी होती. समजा ३ लाख पटले आणि १ लाख अडकले. तर कर ७७,२५० आणि त्याच्या प्रमाणातलं व्याज. योजना अशी अर्धी जीत देत नाही. ती कराचा पूर्ण आकडा मागते, तुम्ही खरे असा की खोटे. कागद नसलेल्यांसाठी ती सोन्यासारखी होती. कागद असलेल्यांनी केवळ घाईपोटी ती घेतली, तर त्यांनी व्याज वाचवलं आणि नको तो कर भरला.

आणखी एक गोष्ट या गणितात धरत नाहीत, ती धरावी. आयकर खातं स्वतः कुठवर अपील करील याला मर्यादा आहे. सप्टेंबर २०२४पासून न्यायाधिकरणात जायला वादातला कर ६० लाखांच्या वर, उच्च न्यायालयात २ कोटींच्या वर आणि सर्वोच्च न्यायालयात ५ कोटींच्या वर हवा. काही अपवाद आहेत. पण चार-पाच लाखांच्या प्रकरणात तुम्ही पहिल्या अपिलात जिंकलात, तर गोष्ट बहुधा तिथेच संपते. “कोर्टकचेऱ्या करत आयुष्य जाईल” ही भीती लहान करदात्याला जितकी दाखवली जाते तितकी खरी नाही. खरी अडचण पहिल्या अपिलाला लागणाऱ्या वेळाची आहे.

तडजोडीचा उपयोग त्या एका वर्षापुरता. खात्याने त्या वर्षी तुमचं म्हणणं मानलं असा अर्थ होत नाही आणि तुम्ही खात्याचं मानलं असाही नाही. म्हणून जो मुद्दा दरवर्षी येणार, म्हणजे ५अची वाटणी, निवासी दर्जा, भाडं की धंद्याचं उत्पन्न, तो पैसे देऊन मिटवू नये असं माझं मत आहे. एक वर्ष मिटेल, पुढचं तसंच उभं राहील. एकदाच घडलेल्या गोष्टीचं निराळं. नोटबंदीतला भरणा, एखादी जमीन विक्री, तिथे आकड्यांवर निर्णय घ्यायला हरकत नाही.

मोठी योजना चालू नसताना काय? दोन दारं लोकांना फारशी ठाऊक नाहीत. पहिलं कलम २७०अअ. अधिकाऱ्याने उत्पन्न वाढवलं, तुम्हाला ते मनातून पटलंय, पण दंडाची भीती आहे. तर मागणी मुदतीत भरा, अपील करू नका आणि आदेश ज्या महिन्यात मिळाला तो संपल्यापासून एका महिन्याच्या आत फॉर्म ६८ भरा. कमी उत्पन्न दाखवल्याबद्दलचा ५० टक्के दंड आणि खटला दोन्ही टळतात. मात्र अधिकाऱ्याने चुकीची माहिती दिल्याचा, म्हणजे २०० टक्के दंडाचा ठपका ठेवला असेल तर २०२५पर्यंत तरी हे दार नव्हतं. आदेश वाचताना दोहोंपैकी कुठलं लिहिलंय ते बोट ठेवून वाचावं.

दुसरं, वाद निवारण समिती, कलम २४५एमए. रिटर्नमधलं उत्पन्न ५० लाखांपर्यंत आणि अधिकाऱ्याने केलेली वाढ १० लाखांपर्यंत असेल तर आदेश मिळाल्यापासून एका महिन्यात ऑनलाइन अर्ज. धाडीतली आणि सर्वेक्षणातली प्रकरणं यात बसत नाहीत. १९७६पासून चालत आलेला समझोता आयोग फेब्रुवारी २०२१मध्ये बंद झाला. तो मोठ्या माशांचा होता. ही समिती लहानांसाठी आहे, पण महिनाभराची मुदत इतकी पटकन सरते की बहुतेकांना ती सरल्यावरच कळते.

आणि अजून नोटीसच आलेली नसेल, पण मागच्या वर्षी भाडं दाखवायचं राहिलंय हे तुम्हालाच ठाऊक असेल, तर अद्ययावत रिटर्न भरता येतं. निर्धारण वर्ष संपल्यापासून आता चार वर्षांपर्यंत. जादा कर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६०, ७०. मात्र यातून रिफंड मागता येत नाही.

हॉटेल, टॅक्सी, बारवाल्यांच्या जीएसटीचं चित्र याच धर्तीचं होतं. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांतल्या कलम ७३च्या मागण्यांवर, मूळ कर ३१ मार्च २०२५पर्यंत भरला तर व्याज आणि दंड माफ. फसवणुकीच्या कलम ७४ला सवलत नव्हती. ती खिडकीही आता बंद आहे.

शेवटी भरायचंच ठरलं, तर चलन नीट भरा. आकारणीनंतरच्या मागणीचा कोड ४०० आहे. सवयीने ३००, म्हणजे स्वयंनिर्धारण कर, निवडला किंवा वर्ष एकाने पुढे-मागे झालं, तर पैसे सरकारकडे जातात आणि मागणी तशीच उभी राहते. जोडप्याच्या बाबतीत आणखी एक बघायचं: मागणी बायकोच्या पॅनवर असेल तर चलनही तिच्याच पॅनवर हवं, पैसे नवऱ्याच्या बँक खात्यातून गेले तरी चालतात. महिन्याभराने पोर्टलवर जाऊन त्या वर्षासमोर शून्य आलं का ते बघा. आलं नसेल तर चलनाची प्रत जोडून तिथेच ‘मागणी भरली आहे’ असं उत्तर द्या.